डॅनिश क्रियापदांचे उपसर्ग: जोडायचे की सुटे ठेवायचे?

मांडवीकर, बडोदे
रावपुऱ्यातल्या आमच्या अभ्यासगटात बहुतेक जण जर्मन करून डॅनिशकडे वळलेत. ‘स्वारे पो’ आणि ‘बेस्वारे’, दोन्ही म्हणजे उत्तर देणे. ‘स्तो ओप’ म्हणजे उठणे, मग ‘ओपस्तो’ काय? वाक्यात उपसर्ग तोडून शेवटी टाकायचा का? (स्पेलिंगप्रमाणे लिहितोय, उच्चार वेगळे.)

अलकापुरी_वाचक
तोडायचा नाही, इथे जर्मनची सवय नडते. जोडलेला उपसर्ग कधीच सुटत नाही. उलट सुटा शब्द मूळ रूपातही सुटाच राहतो: ‘आत स्तो ओप’ (‘आत’ ही डॅनिशमध्ये क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण). ‘ओपस्तो’ हे वेगळं क्रियापद, अर्थ उद्भवणे.

‘बे-’ बऱ्याचदा क्रियापदाला थेट कर्म मिळवून देतो आणि मधलं अव्यय गळतं. ‘याय स्वारर पो ब्रेवेट’, पण ‘याय बेस्वारर ब्रेवेट’ (दोन्ही: मी पत्राला उत्तर देतो). ‘बेस्वारे पो’ ही हमखास होणारी चूक. तसंच ‘बो ई हूसेट’, पण ‘बेबो हूसेट’ (दोन्ही: घरात राहणे). थेट कर्म असल्याने कर्मणी प्रयोगही सोपा: ‘ब्रेवेट एर बेस्वारेट’. ‘बेस्वारे’ जास्त करून कागदोपत्री. बोलताना ‘स्वारे पो’.

‘फोर-’सोबत ‘साय’ (स्वतःला) आलं की पुष्कळदा काहीतरी चुकलेलं असतं: ‘फोर्सोवे साय’ (उठायला उशीर होणे), ‘फोर्ताले साय’ (बोलण्यात चूक होणे). ‘साय’ कर्त्याप्रमाणे बदलतं: ‘याय फोर्सोव माय’ (मला उठायला उशीर झाला). ते गाळलं तर वाक्य लंगडं.

सयाजीबाग_सकाळ
‘ऊद’सारख्या (बाहेर) सुट्या शब्दाची जागा कर्मानंतर, ‘पो’सारखं अव्यय मात्र कर्माआधीच: ‘याय स्मीदर सोफाएन ऊद’, सोफा टाकून देतो. नकार आला की ‘याय स्मीदर इक्के सोफाएन ऊद’. सर्वनाम मात्र ‘इक्के’च्या आधी सरकतं: ‘याय स्मीदर देन इक्के ऊद’. स्वीडिश शिकलेले ‘ऊद’ क्रियापदाच्या लगेच पुढे, कर्माआधी ठेवतात, ते डॅनिशमध्ये चालत नाही. आघातही त्या ‘ऊद’वर, क्रियापदावर नाही.

नामाआधी विशेषण झालं की मात्र जोडावंच लागतं: ‘देन ऊदस्मित्ते सोफा’ (टाकून दिलेला सोफा).

अलकापुरी_वाचक
बरोबर. आणि ‘बे-’, ‘फोर-’ आघातहीन. ‘बेताले’मध्ये ‘ता’वर स्टॉड, म्हणजे घशातला झटका येतो, साध्या ‘ताले’त नाही.

मांडवीकर, बडोदे
पण ‘ताले’ बोलणे आणि ‘बेताले’ पैसे देणे? इथे तर काहीच जुळत नाही.

सयाजीबाग_सकाळ
नियम शोधू नका, दादा. असे कितीतरी शब्द मध्ययुगात व्यापाऱ्यांच्या लो जर्मनमधून (उत्तर जर्मनीतली भाषा) तयारच आले. ‘गीवे ओप’ म्हणजे हार मानणे. ‘ओपगीवे’ला कर्म लागतं: योजना सोडून देणे, पण अर्जावर नाव-पत्ता देणेही तेच! ‘डेन डान्स्के ओर्बोग’ या ऑनलाइन कोशात सुटी जोडी मूळ क्रियापदाखाली सापडेल, जोडलेली स्वतंत्र नोंद म्हणून. दोन्हीकडे बघा.