एजन्सीने ३१० एआय लेख टाकले, आता आमची डाळिंबाची साइट गूगलवर सापडत नाही. लेख काढू का?

सांगोल्याची_लेक

नमस्कार मंडळी. आमची पावणेतीन एकर डाळिंबाची बाग आहे, सगळा भगवा वाण. २०१९ पासून मी डाळिंबावर मराठीत साइट चालवते. अण्णा बागेत जे करतात ते त्यांना विचारून लिहायचं, फोटो काढून लावायचे, एवढंच. चार वर्षांत ६४ लेख झाले. 'तेल्या रोग उपाय' किंवा 'डाळिंब पानगळ कशी करावी' असं शोधलं की आमचं नाव वरच्या तिनात असायचं. दिवसाला साधारण ९०० जण यायचे. मंगळवेढ्याहून, पार नगरहून लोक फोन करून अण्णांशी बोलायचे.

२०२३ च्या दिवाळीनंतर एका एजन्सीने गळ घातली की लेख वाढवले तर साइट कुठल्या कुठे जाईल. चार महिन्यांत त्यांनी ३१० लेख चढवले, सगळे एआयकडून लिहून घेतलेले. सुरुवातीला इम्प्रेशन्स (गूगलवर साइट किती वेळा दिसली ते) खरंच वाढले. मग मार्च २०२४ मध्ये आलेख जो खाली वळला तो एप्रिल संपेपर्यंत उतरतच राहिला. आता दिवसाला जेमतेम १२० येतात.

मला सगळ्यात लागलंय ते हे, की माझे जुने लेखही गेले. तेल्याच्या लेखासाठी मी तीन दिवस पहाटे दवात बागेत जाऊन पानांवरचे डाग टिपले होते, पान उजेडासमोर धरून. तो लेख आता तिसऱ्या पानावर आहे.

गूगल एआयचं लिखाण ओळखून शिक्षा करतं का? एजन्सी म्हणते, सगळे लेख 'माणसासारखं' करणाऱ्या टूलमधून काढून देतो. करू का तसं?

कोथरूडकर

ताई, तसं अजिबात करू नका. तेवढे पैसे बागेत घाला. मी बारा वर्षं एसईओ (साइट गूगलवर वर आणायचं काम) करतो, जरा सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने स्पष्ट सांगितलं होतं की मजकूर कोणी लिहिला यापेक्षा तो वाचणाऱ्याच्या कामाचा आहे का, हे आम्ही बघतो. म्हणजे एआय वापरलं म्हणून आपोआप रँकिंग जात नाही. पण रँकिंग चढवण्यासाठी ढिगाने पानं काढणं त्यांच्या नियमांत बसत नाही. ५ मार्च २०२४ ला त्यांनी कोअर अपडेट (शोधाच्या मुख्य यंत्रणेतला मोठा बदल) सोडलं, ते १९ एप्रिलला संपलं. तुमची घसरण बरोबर त्याच काळातली आहे. ५ मार्चलाच स्पॅमचे नवे नियमही आले. ढिगाने पानं काढण्याबद्दलचा नियम एआय, माणूस किंवा दोघं मिळून, सगळ्यांना सारखाच लागू आहे. त्यामुळे शब्द फिरवून देणाऱ्या टूलने काहीच सुटणार नाही. पान तेवढंच पोकळ राहील.

आधी सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीची गूगलची सोय) 'मॅन्युअल ॲक्शन्स' उघडा, गूगलच्या माणसांनी साइटवर कारवाई केली असेल तर तिथे दिसते. तिथे काही लिहिलेलं असेल तर साइट साफ करून फेरविचाराचा अर्ज करता येतो. काही नसेल तर घसरण अल्गोरिदममुळे आहे, मग अर्ज करायची सोयच नाही. साइट सुधारायची आणि पुढच्या अपडेट्सची वाट बघायची. महिने लागतात, हे मनाशी धरून चला.

जुने लेख का बुडाले? उपयुक्त मजकूर ओळखणारी त्यांची यंत्रणा २०२२ पासून अख्ख्या साइटकडे बघत होती, मार्च २०२४ मध्ये ती कोअरमध्येच मिसळली. तुमच्या साइटवरच्या दर सहा लेखांतले पाच परक्याचे आहेत. तुमच्या ६४ लेखांना ते ओझं झालंय.

काढायचे ते लेख सरळ काढा, तिथे ४०४ किंवा ४१० ('पान नाही' असा संदेश) जाऊ द्या. सगळे मुखपृष्ठाकडे वळवू नका. फक्त जिथे एकाच विषयाचा तुमचा जुना चांगला लेख आहे, तिथे नवा त्या जुन्याकडे वळवा. आणि लेखांच्या तारखा बदलून ताजेपणाचा देखावा करू नका.

बागाईतदार_आटपाडी

ताई, तुमची साइट मी पहिल्यापासून वाचतो म्हणून लिहितो. रँकिंगचं मला कळत नाही. पण तुमच्या साइटवर आंबे बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांचा) एक लेख आहे, त्यात लिहिलंय 'एप्रिल-मे मध्ये बाग ताणावर सोडावी', म्हणजे पाणी तोडावं. अहो, आंबे बहाराची फळं तेव्हा लिंबाएवढी झालेली असतात! पाणी तोडून पुन्हा सोडलं की फळ तडकतं. मृग बहाराचा (पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलांचा) ताण आंबे बहाराला लावलाय. माझ्या भाच्याने या वर्षी पहिल्यांदा बहार धरलाय, तो तुमचंच वाचतो. तो लेख आजच काढा.

निफाडची_सून

माझी द्राक्षाची साइट आहे आणि मी एआय रोज वापरते. मार्चमध्ये काही धक्का बसला नाही. फरक इतकाच की महिन्याला दोन-तीनच लेख टाकते. बागेतल्या नोंदी माझ्या, फोटो माझे. एआयकडून तक्ते, शुद्धलेखन आणि लेखाचा क्रम लावून घेते. फवारणीचं औषध आणि प्रमाण त्याला कधीच लिहू देत नाही, ते लेबल समोर ठेवून स्वतः लिहिते.

सांगोल्याची_लेक

सगळ्यांचे आभार. आटपाडीच्या दादांचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. तो लेख तेव्हाच काढला.

आता सात महिन्यांनी कळवतेय. मॅन्युअल ॲक्शन्समध्ये काही नव्हतं. मग तीन रविवार मी एकेक लेख मोठ्याने वाचला आणि अण्णा ऐकत बसले. तेल्यावर एजन्सीचे चार लेख निघाले, त्यांतल्या एकाचं शीर्षक 'जिवाणूजन्य करपा रोगाचे सर्वसमावेशक व्यवस्थापन'. अण्णांनी विचारलं, "हा कुठला नवा रोग?" इतकी वर्षं तेल्याशी झुंजलेल्या माणसाला तो लेख तेल्यावरचा आहे हे कळलं नाही. सर्च कन्सोलमध्येही बघितलं, तो शब्द टाकून एकही माणूस आमच्याकडे आलेला नव्हता. लोक 'तेल्या' लिहितात, कोणी 'तेलकट डाग' लिहितं.

३१० पैकी २९१ काढले. उरलेले १९ अण्णांनी सांगितलेलं घालून पुन्हा लिहिले. जुन्या लेखांत या वर्षीची भर घातली: ताण किती दिवस दिला, इथरेल (पानं गाळायचं औषध) कधी मारलं, पानगळ किती टक्के झाली, पहिली कळी कितव्या दिवशी दिसली. जिथे आमचं चुकलं तेही लिहिलं.

ऑगस्टच्या अपडेटमध्ये काही हललं नाही, तेव्हा धीर सुटत आला होता. नोव्हेंबरनंतर थोडं आणि डिसेंबरनंतर बरं वर आलं. आता दिवसाला ३४० येतात. तेल्याचा लेख पहिल्या पानावर सातवा आहे. जुने ९०० अजून लांब आहेत.

निफाडच्या ताईंचं ऐकून अण्णांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि एआयकडून टाइप करून घेते. 'ताण'चं 'तान' होतं, ते हाताने दुरुस्त करते. परवा बागेला पहिलं पाणी सोडलं. त्याची नोंद आज रात्री टाकतेय. दादा, तुमच्या भाच्याला ताणाच्या दिवसांबद्दल काही विचारायचं असेल तर तिथे लिहायला सांगा, अण्णा स्वतः उत्तर देतील.