मदत हवी आहे: माहिती आयुक्तांची रिक्त पदं मुदतीत भरण्यासाठी अशासकीय विधेयक

बीड जिल्ह्यातून लिहितोय. गावातल्या जलसंधारणाच्या कामांची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) माहिती अधिकारात मागितली होती, मिळाली नाही. पहिलं अपील झालं, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांच्या आत टाकलं. पोचपावतीवरचा शिक्का आता वाचता येत नाही, सुनावणीची तारीख अजून नाही. कारण विचारलं की एकच उत्तर: माहिती आयुक्ताचं पद रिकामं आहे.

आमच्या आमदारांनी अशासकीय विधेयकाचा (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायच्या विधेयकाचा) मसुदा मागितलाय, हिवाळी अधिवेशनात मांडतो म्हणाले. मला त्यात एवढंच हवंय की पद रिकामं व्हायच्या आधीच निवड सुरू व्हावी. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये हेच सांगितलंय, एक ते दोन महिने आधी प्रक्रिया सुरू करा म्हणून. पण कायद्यात तशी मुदत नाही.

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम १५ वाचलंय: मुख्य आयुक्त, जास्तीत जास्त दहा आयुक्त, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची निवड समिती. कलम २७ (राज्य सरकारचा नियम करण्याचा अधिकार) आणि त्याखालचे नियमही पाहिले. जनहित याचिका नको, तो खर्च झेपणार नाही. अडलंय ते इथेच: कायदा केंद्राचा असताना अशी मुदत घालणारं विधेयक विधानसभेत आणता येतं का, की कलम २७ खाली नियम करूनच भागेल?