कामगाराच्या घरातला आयरिश लेखक: पुतळा चालतो, पोरगा चालतो का?

लिफीकाठी
डब्लिनमधे सात वर्षं काढली, रोज रॉयल कॅनॉलच्या कडेने ऑफिसला जातो. तिथे बाकावर ब्रेंडन बीहनचा पुतळा बसलाय, टुरिस्ट शेजारी बसून फोटो काढतात. हा माणूस घरं रंगवायचा, बापही रंगारी, चौदाव्या वर्षी शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लिव्हरपूलला स्फोटकांसकट पकडला गेला आणि बोर्स्टलमधे म्हणजे पोरांच्या तुरुंगात गेला. त्या दिवसांवरचं त्याचं पुस्तक १९५८ ला आलं तर त्याच्याच देशाने त्यावर बंदी घातली. आता पुतळा.

माझं म्हणणं एवढंच की आयर्लंडला लेखक मिरवायला आवडतो पण मजुराच्या घरातला लेखक जिवंतपणी पचत नाही. साहित्याची चार नोबेल, येट्स, शॉ, बेकेट, हीनी, एकाचाही बाप शहरातला मजूर नव्हता. जुनं सोडा, माझ्या टीममधे एक मुलगी आहे, फ्लॅट्समधे वाढलेली (आपल्याकडे फ्लॅट घेतला की पेढे वाटतात, इथे फ्लॅट्स म्हणजे कॉर्पोरेशनने गरिबांसाठी बांधलेल्या इमारती), कथा लिहिते आणि भारी लिहिते. क्लायंटचा फोन आला की तिचा आवाजच बदलतो. म्हणते लेखनाच्या वर्कशॉपलाही तोच फोनवाला आवाज घेऊन जाते. ज्या बोलीत गोष्ट लिहिलीय ती बोली घरी ठेवून यायचं, काय अर्थ आहे याला?

खडूस_वाचक
बीहनचं उदाहरण देऊन पायावर धोंडा पाडून घेतलात. पैशाने गरीब होतं ते घर, पण घर कसलं! सख्खा मामा पीडर कर्नी, ज्याने आयर्लंडचं राष्ट्रगीत लिहिलं. बाप संध्याकाळी पोरांना डिकन्स वाचून दाखवायचा. आजी तर स्वतःच घरमालकीण, खोल्या भाड्याने द्यायची. नाटककार शॉन ओकेसीचं पण तेच, रेल्वेत मजुरी केली हे खरं, पण बाप क्लार्क होता, तो लवकर गेला आणि मग घर घसरलं. गटारातून उगवलेला प्रतिभावंत ही स्टोरी लोकांना आवडते म्हणून चालते, खरं कारण घरातलं पुस्तकांचं कपाट.

लिफीकाठी
कपाट होतं ना ओकेसीकडे, मग ॲबी थिएटरने, म्हणजे डब्लिनच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने, त्याचं पहिलं नाटक केलं १९२३ ला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. त्याआधीची नाटकं साभार परत. १९२६ ला १९१६ च्या ईस्टरमधल्या, ब्रिटिशांविरुद्धच्या उठावावरचं नाटक आलं तर थिएटरात दंगा झाला, १९२८ ला ॲबी चालवणाऱ्या येट्सने पुढचं नाटक नाकारलं. तोवर ओकेसी इंग्लंडला गेला होता, तो कायमचाच.

गिरणीचा_भोंगा
मधेच तोंड घालतो. बहिणीकडे गेलो होतो तेव्हा डब्लिनमधलं १४ हेन्रिएटा स्ट्रीटचं म्युझियम पाहिलं, जुन्या टेनेमेंट घराचं. टेनेमेंट म्हणजे आपली चाळ असं मी समजत होतो, तसं नाहीये. चाळ निदान चाळ म्हणून बांधली, हे बड्या लोकांचे वाडे, ते निघून गेल्यावर एकेका दालनाच्या खोल्या पाडून भाड्याने दिलेले. १९११ च्या जनगणनेत त्या एका घरात १०० माणसं, १७ कुटुंबं. आमच्या लालबागच्या खोलीत आम्ही नऊ होतो, मी दहावीचा अभ्यास जिन्यात केलाय. खडूसराव, कपाट ठेवायला आधी भिंत लागते.

खडूस_वाचक
भिंतीचं मान्य. पण मग वर्ग-वर्ग कशाला करता, फी म्हणा की. हीनी नऊ भावंडांत थोरला, बापाची छोटी शेती आणि गुरांचा व्यापार. पण तो उत्तर आयर्लंडचा, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या भागातला, तिथे १९४७ च्या कायद्याने माध्यमिक शाळा फुकट झाली, स्कॉलरशिप मिळवून पोरगा बोर्डिंगला गेला. दक्षिणेत तेच व्हायला १९६७ उजाडलं, तेही डोना ओमॅली नावाच्या शिक्षणमंत्र्याने अर्थखात्याला न विचारता पत्रकारांसमोर घोषणा करून टाकली म्हणून. म्हणजे वीस वर्षांतली पोरं वाया गेली ती उच्चारामुळे नाही, फीमुळे. आणि आता तर २०२२ पासून सरकारने २००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो दिले, निवड लॉटरीने. लॉटरीचा डबा कुणाची बोली विचारत नाही.

चिमटा
मला एक कळत नाही, पुस्तक गाजलं, घर घेतलं, तरी तो कामगार लेखकच का? आमच्या इथे पण काही जण पंचवीस वर्षं तेच दुःख विकतायत.
त्यापेक्षा तो लेखक डर्मट बोल्जर बघा, डब्लिनच्या फिंगलस भागातला, वेल्डिंग रॉडच्या कारखान्यात काम केलेला, १९७७ ला अठराव्या वर्षी स्वतःचं रेव्हन आर्ट्स प्रेस काढलं. रडत नाही बसला.

लिफीकाठी
@चिमटा, प्रकाशक दारात उभं करत असते तर अठराव्या वर्षी कोण कशाला प्रकाशन काढेल?
@खडूस, लॉटरीच्या डब्यात चिठ्ठी टाकायच्या आधी तुम्ही कलाकार आहात याचे पुरावे द्यावे लागत होते, अमुक संस्थेचं सदस्यत्व, लेखनातून कमाई वगैरे. रात्रपाळी करून लिहिणारीने ते कुठून आणायचे? आणि ॲना बर्न्स, बेलफास्टच्या आर्डॉयनमधे वाढलेली, जिच्या कादंबरीला २०१८ चं बुकर मिळालं, तिने पुस्तकाच्या आभारांत फूड बँकेचे (गरजूंना फुकट धान्य-किराणा देणारी संस्था) आभार मानलेत. बुकर मिळालेली बाई, फूड बँक. फीचा प्रश्न संपला असता तर हे झालं नसतं.

बाय द वे, हा धागा मी त्या मुलीला जेवताना इंग्रजीतून सांगितला. तर ती म्हणे तुमचा कपाटवाला माणूस बरोबर बोलतोय. त्यांच्या घरी कपाट नव्हतं, लायब्ररीचं कार्ड होतं. लहानपणी दोन पुस्तकं हरवली, दंड होईल या भीतीने आईने लायब्ररीचा रस्ताच बंद केला. इथल्या लायब्रऱ्यांनी उशिराचा दंड २०१९ ला रद्द केला, तेव्हा ही सव्वीस वर्षांची होती.

खडूस_वाचक
मग फी काय नि दंड काय, माझंच म्हणणं सिद्ध झालं की.

लिफीकाठी
अजिबात नाही. रात्री सविस्तर लिहितो, आता मीटिंग आहे.