मदत हवी आहे: पार्लेची (अनेक सामन्यांवरची एकत्र पैज, सगळे अंदाज लागले तरच पैसे) कामगिरी मोजायची कशी?
सोलापुरात संख्याशास्त्राच्या मुलांसाठी कागदावरचा प्रकल्प चाललाय (पैसे लावायचे नाहीत, टिपा नकोत). तीन सामन्यांची पार्ले, प्रत्येकी भाव १.९१ (लागल्यास रुपयाचे १.९१ परत), जिंकायची शक्यता निम्मी. तिन्ही लागले तर ६.९७ पट, पण ती शक्यता १२.५ टक्केच. म्हणजे शंभरामागे सरासरी १३ रुपये तोटा. एकेरी पैजेत साडेचार. इथवर ठीक.

अडतंय पुढे. २०० पार्लेत २५ लागणं अपेक्षित, प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार) ४.७. २९ लागल्या की नफा सुरू, म्हणजे निव्वळ नशिबानेही माणूस हुशार दिसतो! मग नमुना किती मोठा घ्यावा? की पार्लेचा निकाल सोडून प्रत्येक सामन्याचा घेतलेला भाव बंद होतानाच्या (सामना सुरू होण्याआधीच्या शेवटच्या) भावाशी ताडावा? शिवाय एकाच सामन्यातले दोन अंदाज असले की शक्यतांचा साधा गुणाकार चुकतो. तिथे सहसंबंध कसा धरता?