बीपी मॉडेलमध्ये टाकलं आणि लठ्ठपणाचा परिणामच गायब, काय समजायचं?

कोरी_पाटी
मंडळी, एक अडलंय. लठ्ठपणामुळे किडनीचा जुनाट आजार नेमका कुठल्या वाटेने होतो ते बघतेय. कोहॉर्टचा डेटा आहे, सुरुवातीला सगळ्यांची किडनी ठीक, पुढे कित्येक वर्षं फॉलोअप. नुसतं वय आणि लिंग धरून कॉक्स मॉडेल (कोणाला आजार किती लवकर होतो ते बघणारं) चालवलं की बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजनाचा) परिणाम ठसठशीत दिसतो, पण बीपी, शुगर आणि सीआरपी (शरीरातल्या दाहाची रक्तातली खूण) टाकलं की हॅझार्ड रेशो (धोका किती पट) पार १ च्या जवळ येतो, म्हणजे परिणाम नसल्यासारखाच. गाईड म्हणतात "लठ्ठपणाचा स्वतंत्र परिणाम नाही" असं लिहून मोकळी हो, पण माझं मन काही मानत नाही.

आलेख
मन मानत नाही ते बरोबरच आहे, असं अजिबात लिहू नका. आधी कागदावर बाण काढा. वय हे लठ्ठपणाच्याही मागे आहे आणि किडनीच्याही, म्हणून ते कन्फाउंडर, ते धरायलाच हवं. पण बीपी आणि शुगर तर लठ्ठपणामुळेच वाढतात आणि मग किडनी बिघडवतात, म्हणजे त्या वाटेवरच्याच पायऱ्या झाल्या. त्या अडवून ठेवल्या आणि मग विचारलं की परिणाम पोचतो का, तर नाहीच पोचणार ना! उलट तुमची वाट तिथेच सापडायची शक्यता आहे. सॉफ्टवेअरला यातला फरक कळत नाही, दोन्हीकडे आकडा तसाच उतरतो, बाण कुठल्या दिशेचा ते आजाराची माहिती असलेल्यानेच सांगायचं असतं.

मिडिएशन अ‍ॅनालिसिस (परिणामाचा किती भाग या पायऱ्यांवरून जातो ते मोजणं) करा, पण जपून. बीपी आणि किडनी दोघांनाही बिघडवणारं काही, उदाहरणार्थ स्मोकिंग, सुटलं तर हिशोब चुकतो. आणि बीपी कधी मोजलंय? किडनी बिघडायला लागली की तीच बीपी वाढवते, त्यामुळे बीएमआय आणि बीपी एकाच दिवशी मोजलेलं असेल तर कोण आधी ते सांगता येत नाही.

दूरचा_दिवा
सीआरपीबद्दल थोडं. सोबत दिसतं म्हणजे कारण असतंच असं नाही, एचडीएलने ("चांगलं" कोलेस्टेरॉल) हे फार महागात शिकवलंय. एचडीएल जास्त तर हार्ट अटॅक कमी हे कितीतरी अभ्यासांत दिसलं होतं, म्हणून ते वाढवणारं टॉर्सेट्रपिब आलं. एचडीएल भरपूर वाढलं, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये ट्रायल थांबवावी लागली. ते औषध बीपीही वाढवायचं, त्यामुळे दोष एचडीएलचा की औषधाचा हे तेवढ्यावरून ठरत नव्हतं. मग २०१२ मध्ये जीन्सवरून तपासलं, ज्यांना जन्मतःच एचडीएल थोडं जास्त ठेवणारा एंडोथेलियल लायपेज या एन्झाइमच्या जीनचा व्हेरियंट (वेगळा प्रकार) मिळालाय त्यांना हार्ट अटॅक कमी येतात का? नाही आले.

पीसीएसके९ या एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) वाढवणाऱ्या जीनचं बरोब्बर उलटं. २००६ च्या अभ्यासात त्या जीनचं काम बंद पाडणारे बदल असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांत एलडीएल २८% कमी होतं आणि कोरोनरी आजार ८८% कमी. एवढ्याशा फरकाने एवढं संरक्षण, कारण एलडीएल जन्मापासून कमी राहिलं. जीन्स गर्भधारणेच्या वेळीच वाटले जातात, आजार मागे जाऊन ते बदलू शकत नाही, जीन्सवरून कारण तपासायच्या या पद्धतीची, म्हणजे मेंडेलियन रँडमायझेशनची, सगळी ताकद यातच आहे. बीएमआयसाठी तर असे शेकडो व्हेरियंट माहीत आहेत, तुमच्याकडे जीनोटाइप (लोकांच्या जीन्सची माहिती) असेल तर नक्की करून बघा.

आलेख
सहमत, फक्त तो व्हेरियंट किडनीपर्यंत दुसऱ्याच एखाद्या वाटेने पोचत नाही ना ते बघा. नुसत्या एका व्हेरियंटवर विसंबू नका.

कोरी_पाटी
खूप खूप आभार दोघांचे! जीनोटाइप नाहीये, पण बीपी प्रत्येक भेटीत मोजलंय, म्हणजे बीएमआय पहिल्या भेटीचा आणि बीपी नंतरचं घेता येईल. आणि तुमचं वाचून आत्ता फाईल उघडून बघितली तर "किडनी ठीक" हे फक्त रक्तातल्या क्रिएटिनिनवरून (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) ठरवलेलं निघालं! काही जणांच्या लघवीतून पहिल्याच भेटीत अल्ब्युमिन हे प्रथिन जात होतं, म्हणजे त्यांचा आजार आधीच सुरू झालेला असणार. आधी त्यांना बाजूला काढते आणि मग बाणांचा कागद घेऊन गाईडकडे जाते.