बडी गायचं करिअर म्हणजे क्लॅप्टनची मेहेरबानी?

तुटकी_तार
परवा इथेच एका धाग्यावर वाचलं: "बडी गाय म्हणजे नुसता गोंगाट. एकही गाणं धड पुरं करत नाही. क्लॅप्टनने हात दिला नसता तर आज शिकागोबाहेर कोणी ओळखलं नसतं." वर लोकांनी माना डोलावलेल्या. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: बडी हा शिकागोचा ब्लूज गिटारवादक, ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, आणि एरिक क्लॅप्टन हा इंग्लंडचा गोरा रॉक गिटारिस्ट.

गोंगाट म्हणणाऱ्यांनी ब्लूजचा बुजुर्ग गायक मडी वॉटर्स याचा 1964 चा 'फोक सिंगर' अल्बम हेडफोन लावून ऐका. मडीशेजारी साधी, बिनविजेची अकूस्टिक गिटार घेऊन बसलाय तो बडी, रेकॉर्डिंगच्या वेळी 27 वर्षांचा. मडीची ओळ संपली की हा दोन-तीन सूर टाकतो आणि हात आवरतो. मधली जागा भरायची घाई नाही. असा माणूस पुढे आवाज चढवतो तो जाणूनबुजून.

आता मेहेरबानी. 1965 मध्ये बडी लंडनच्या मार्की क्लबात वाजवून गेला. गिटार, बास, ड्रम, बस. ते बघून आपणही असं त्रिकूट काढावं असं वाटलं, हे क्लॅप्टन स्वतः सांगत आलाय. पुढच्या वर्षी त्याचं क्रीम हे त्रिकूट निघालं. मग कोण कोणाच्या जिवावर मोठं झालं? त्या काळात बडी दिवसा टो ट्रक चालवायचा आणि रात्री क्लबात वाजवायचा. स्टेजवरचा तो चढा आवाज रेकॉर्डवर घ्यायला त्याची रेकॉर्ड कंपनी चेस तयार नव्हती. तसाच आवाज घेऊन क्रीम आणि गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्स खपायला लागल्यावर कंपनीचा मालक लेनर्ड चेसने बोलावलं, पाठ वळवून वाकला आणि म्हणाला, चुकलो, घाल लाथ! हा किस्सा बडीने कितीतरी मुलाखतींत सांगितलाय.

दादर_पश्चिम
ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. लाथेचा किस्सा बडीच सांगतो. चेस 1969 मध्येच गेला, त्याची बाजू कोण सांगणार?

क्रम बघा. ऐंशीच्या दशकात बडीकडे अमेरिकेतल्या एकाही मोठ्या कंपनीचा करार नाही. 1990 ला क्लॅप्टन त्याला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलवर बोलावतो, पुढच्या वर्षी पुन्हा. मग सिल्व्हरटोन या रेकॉर्ड कंपनीचा करार, 1991 चा 'डॅम राइट' अल्बम, त्यावर गिटारिस्ट क्लॅप्टन, जेफ बेक, मार्क नॉफ्लर पाहुणे, आणि ग्रॅमी. हा क्रम मी रचलेला नाही.

आणि स्टेजवर? अर्धं गाणं, मग हेंड्रिक्सची नक्कल, मग क्लॅप्टनची, मग जुन्या ब्लूजवाल्या जॉन ली हूकरची. वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत मी पदरचे पैसे मोडून गेलो होतो. मला बडी ऐकायचा होता, नकला नाही.

वाघोली_बास
सगळा धागा गिटारवाल्यांचा. ज्युनियर वेल्सच्या 'हूडू मॅन ब्लूज' (1965) या अल्बमवर बास जॅक मायर्सचा आणि ड्रम बिल वॉरनचे, ही नावं इथे किती जणांना येतात? वेल्सची हार्मोनिका आणि बडीची गिटार, एवढंच लोक ऐकतात. खालचा बास काढून टाका, बडीचे ते तुटक तुकडे हवेत लोंबकळतील.

पुण्यातही तेच. एका पबने आमच्या गिटारिस्टला पोस्टरवर घेतलं आणि आम्हा दोघांचे पैसे अजून दिलेले नाहीत.

तुटकी_तार
@वाघोली_बास पैशांचं वाईट वाटलं, पण त्या रेकॉर्डवर बडीचं तरी नाव कुठे होतं? चेसच्या कराराच्या भीतीने ती काढणाऱ्या डेलमार्क कंपनीने आधी बडीच्या जागी 'फ्रेंडली चॅप' हे टोपणनाव छापलं. सेशनमध्ये त्याचा अ‍ॅम्प बिघडला, तेव्हा गिटार ऑर्गनच्या लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून काढली. काही गाण्यांत सूर पाण्याखालून आल्यासारखा हलतो तो त्यामुळेच. अडचणीतून एवढा आवाज काढणाऱ्याला नकलाकार म्हणू नका.

इलिनॉयकर
शिकागोत बरीच वर्षं काढली म्हणून लिहितो. लेजेंड्स हा त्याचा क्लब 1989 चा, म्हणजे तुमच्या अल्बर्ट हॉलच्या आधीचा. जानेवारीत तो स्वतः तिथे वाजवायचा, लोक हाडं गोठवणाऱ्या थंडीत रांग लावायचे. एरवी टोपी घालून बारपाशी बसलेला. स्टेजवर एखादं नवखं पोर असायचं. मध्येच हा उठून वर जायचा, एक-दोन गाणी म्हणायचा आणि खाली येताना त्या पोराच्या पाठीवर थाप. करिअर मोजताना हे कुठल्या रकान्यात घालणार, दादरकर?

तारसप्तक
मला वेगळंच खटकतंय. क्लॅप्टनला उपकारकर्ता ठरवताना 1976 चं बर्मिंगहॅम विसरलात? भर कार्यक्रमात 'परदेशी लोक चालते व्हा' आणि स्थलांतरितांविरोधी राजकारणी इनॉक पॉवेलला पाठिंबा. ज्याने काळ्या माणसांच्या संगीतावर घर बांधलं, बॉब मार्लेचं गाणं गाऊन 1974 मध्ये हिट मिळवलं, तो हे बोलला! त्यातूनच इंग्लंडमध्ये रॉक अगेन्स्ट रेसिझम ही वंशवादविरोधी चळवळ उभी राहिली.

दादर_पश्चिम
त्याचा इथे काय संबंध? तेव्हा तो दारूत बुडालेला होता. 2018 मध्ये त्याने जाहीरपणे लाज वाटते म्हणून सांगितलं.

तारसप्तक
42 वर्षांनी! मधल्या काळात शुद्धीवर असतानाही मुलाखतींत पॉवेलची बाजू घेतलीच की. दारूने माणूस खोटं बोलत नाही, मनातलं ओकतो. माझा मामा त्याच काळात लंडनमध्ये बस चालवायचा. रात्रपाळीहून परतताना त्याला काय ऐकावं लागायचं ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. तुम्हाला काय कळणार?

दादर_पश्चिम
मला काय कळतं ते तुम्ही ठरवू नका. मामांबद्दल आदर आहे. पण 2005 ला बडीला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेताना ब्लूजवाल्या बी. बी. किंगबरोबर क्लॅप्टनच उभा होता. बडी त्याला मित्र म्हणतो. ज्याचा प्रश्न त्यानेच सोडवला असेल तर आपण कोण?

इलिनॉयकर
हे चुकतंय, दादरकर. बडी लुइझियानात कापूस वेचत वाढला. गोऱ्या मालकांच्या कंपन्यांशी जमवून घेतल्याशिवाय त्याला रेकॉर्ड काढायलाच मिळणार नव्हती. त्याच्या गोड बोलण्याला सर्टिफिकेट समजू नका.

वाघोली_बास
बडी मनापासून मित्र मानत असेल हे तुम्हाला अशक्य का वाटतं? काळ्या माणसाने मैत्री केली की ती मजबुरीच, हेही अपमानकारकच आहे.

तारसप्तक
मैत्री असू दे. मी क्लॅप्टनचा हिशेब मागतोय, बडीचा नाही.

तुटकी_तार
धागा बडीचा आहे, मंडळी! दादरकर, 'फोक सिंगर' ऐकलात का?

दादर_पश्चिम
ऐकला. रात्री दोनदा. ठीक आहे, गोंगाट हा शब्द मागे घेतो. तिथे तो कमाल वाजवतो, खोटं कशाला बोलू. पण ते काम मडीचं आहे. स्वतःच्या नावावर त्याने एक गाणं तरी तसं शेवटापर्यंत धरून दाखवलंय का?

तुटकी_तार
बडीचा 2001 चा 'स्वीट टी' अल्बम लावा, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला केलेला. पहिलंच गाणं तिथल्याच ब्लूजवाल्या ज्युनियर किम्ब्रोचं. एकटा बडी, हातात अकूस्टिक, आणि आता म्हातारा झालो, पूर्वीसारखं काही जमत नाही, एवढंच गातो. पासष्टीच्या उंबरठ्यावर. तिथे नक्कल कोणाची? आणि त्या नकलांबद्दलही ऐका. हूकर, मडी गेल्यावर विशीतल्या पोरांपुढे त्यांचं नाव घेऊन त्यांचा एखादा तुकडा वाजवणारा दुसरा कोण उरला होता? 2023 ला तो परत मुंबईला आला तेव्हा 86 वर्षांचा होता.

दादर_पश्चिम
लावतो. तुमच्या आग्रहाखातर. 1991 बद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

तारसप्तक
आणि 1976 बद्दल माझं.