उत्तर: चार धंदे केलेले सर
वर एकानं विचारलंय, चार धंदे करून आलेला माणूस काय शिकवणार? हिंगणघाटजवळच्या आमच्या गावातले शिकवणीचे सर तसेच होते. आधी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी (कापसाचं बी) वेगळी काढायच्या कारखान्यात हिशेबाला, मग एसटीत कंडक्टर.

शेकडेवारी शिकवताना त्यांनी फळ्यावर लिहिलं: एक क्विंटल कापूस, त्यातून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, साधारण ३४ किलो, बाकी बहुतेक सरकी. मग रुईच्या १७० किलोच्या एका गाठीला कापूस किती लागेल? "पाच क्विंटल!" मागं बसून पेंगणारा पोट्टा सगळ्यांच्या आधी ओरडला. बापासोबत कापूस मोजायच्या काट्यावर जायचा ना तो.

इंग्रजी मात्र सरांचं यथातथाच, तिथं आमचे हालच झाले. पण सुट्या पैशांवरून तोंडी वजाबाकी सुरू झाली, की घरी जायची घाई कोणालाच नसे.